खुलवणे की फसवणे?

छायाचित्रणाच्या व्यवसायात एक शब्द वारंवार कानी पडतो. अमुक प्रकाश चेहऱ्याला खुलवतो, तमुक कोन अंगाला खुलवतो, असे छायाचित्रकार म्हणतात. इंग्रजीत याच अर्थी जो शब्द रूढ आहे, त्याचा मूळ अर्थ मात्र ‘खुशामत करणारा’ असा होतो. मराठीने येथे अधिक उदार शब्द निवडला आहे, असे आम्हांस वाटते. कळी खुलते, चेहरा खुलतो. जे आत असते तेच बाहेर येते. खुशामतीत मात्र जे नाही ते आहे म्हणून सांगितले जाते. या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे मांडण्याचा आमचा विचार आहे.

भरल्या अंगाच्या, विशेषतः भरदार छातीच्या स्त्रीचे छायाचित्र कसे घ्यावे, याचे एक स्वतंत्र तंत्र आहे. हा विषय उच्चारताच आपल्याकडे माना खाली जातात. धर्मग्रामातील कुटुंबांच्या हाती पडणाऱ्या त्रैमासिकात त्याची चर्चा कशासाठी, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. लग्नाचे अल्बम आपल्याच कपाटांत आहेत, सोयरिकीसाठी फोटो आपणच पाठवतो, आणि आपल्याच लेकी मोबाइलसमोर उभ्या राहून आपण कशा दिसतो याचा दिवसातून दहा वेळा निवाडा करीत असतात. ज्या गोष्टीविषयी घरात मौन असते, तिचे शिक्षण बाहेरचे जग देते आणि ते कोणत्या हेतूने देते, हे सांगायला नको.

प्रथम तंत्राकडे वळू. कारण त्याची माहिती नसताना केलेला नीतिविचार पोकळ ठरतो. कॅमेरा खरे तेच दाखवतो, ही आपली समजूत अर्धवट आहे. जी वस्तू कॅमेऱ्याच्या जवळ ती मोठी दिसते, हा भूमितीचा नियम आहे. समजा, कॅमेरा चेहऱ्यापासून दोन फुटांवर आहे आणि शरीराचा एखादा भाग चेहऱ्याच्या सहा इंच पुढे आहे. तो भाग चेहऱ्याच्या मानाने तेहतीस टक्के मोठा उमटेल. तोच कॅमेरा आठ फुटांवर नेला, तर ही वाढ सुमारे सात टक्क्यांवर येते. बाई तीच, अंग तेच. पाय चार पावले मागे गेले इतकेच. मोबाइलचा कॅमेरा हात लांबवून जवळून धरतात, तेव्हा चेहरा आणि देह यांचे प्रमाण का बिघडते, हे यावरून ध्यानात येईल. यासाठीच जाणता छायाचित्रकार मागे सरकतो आणि लांब पल्ल्याचे भिंग लावतो.

उंचीचेही तसेच. एके काळी बहुतेक स्टुडिओंत दोन भिंगांचा कॅमेरा असे. तो पोटाशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत पाहायचे. रोलायफ्लेक्स १९२९ साली बाजारात आला आणि पुढे त्याच धर्तीच्या यशिकाने आपल्याकडे कित्येक वर्षे राज्य केले. सुंदर यंत्र, पण ते पोटाच्या उंचीवरून जगाकडे पाही. समोरच्या स्त्रीची छाती अगोदर, हनुवटी नंतर आणि डोळे सर्वांत शेवटी, असा त्याचा क्रम होऊन बसे. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित वर आणला की तो क्रम उलटतो.

मग देहाची ठेवण येते. स्त्री कॅमेऱ्याला अगदी सन्मुख उभी राहिली तर सर्व रुंदी दिसते, पूर्ण आडवी वळली तर सर्व उभार रेषेत येतो. म्हणून तिला या दोहोंच्या मध्ये, थोडे तिरके उभे करतात आणि चेहरा तेवढा कॅमेऱ्याकडे वळवायला सांगतात. हात छातीखाली बांधू देत नाहीत, अंगाला चिकटवूनही ठेवू देत नाहीत. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये बोटभर उजेड दिसला की शरीराचा आकार कळतो, नाहीतर सगळे एकसंध ठोकळ्यासारखे दिसते. बाजूने येणारा कठोर प्रकाश सावल्या पाडतो आणि उभार वाढवतो. समोरून, जरा वरून येणारा मऊ प्रकाश, उदाहरणार्थ पांढरा पडदा लावलेल्या खिडकीचा, त्या सावल्या विरघळवतो. माणसाची नजर चित्रातल्या सर्वांत उजळ जागेकडे धावते, तेव्हा ती जागा चेहराच असावी, अशी योजना करतात. चित्राची चौकट छातीच्या ऐन रुंद रेषेवर कधी कापत नाहीत. वस्त्रांविषयी तर आपल्या घरच्या स्त्रिया छायाचित्रकारांना शिकवतील: चोळी मापाची असली आणि पदराच्या निऱ्या नीट बसल्या, की निम्मे काम झाले.

यांत फसवणूक कोठे आहे? आम्हांला तरी दिसत नाही. दोन फुटांवरून, पोटाच्या उंचीवरून, आडव्या उन्हात घेतलेले चित्र ‘खरे’ आणि आठ फुटांवरून, डोळ्यांच्या पातळीवरून, खिडकीच्या उजेडात घेतलेले चित्र ‘खोटे’, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. उलट, आपण जेव्हा कोणा बाईंशी सभ्यपणे बोलतो, तेव्हा आपण चार हात अंतरावर उभे असतो आणि तिच्या डोळ्यांकडे पाहतो. जाणत्या छायाचित्रकाराचे सारे नियम एकत्र केले, तर ते सभ्य माणसाच्या नजरेचेच नियम ठरतात. यंत्राला शिष्टाचार नसतो. तो त्याला शिकवावा लागतो.

परंतु प्रश्न येथे संपत नाही, कारण छायाचित्रकाराच्या हाती प्रकाशाखेरीज दुसरेही हत्यार फार पूर्वी आले. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने एकाच व्यक्तीची दोन चित्रे शेजारी शेजारी मांडली: एक जसेच्या तसे, दुसरे निगेटिव्हवर हात फिरवून सुधारलेले. लोक चकित झाले. मात्र फोटो खोटे बोलू शकतो, हे कळल्यावर लोकांनी फोटोकडे पाठ फिरवली नाही. उलट स्टुडिओंची वाट धरली. मानवी स्वभाव तो! पुढे १९९० साली संगणकावर फोटोशॉप आले आणि आज तर मोबाइलच न विचारता गाल गोरे करतो, कंबर आवळतो. फ्रान्सने २०१७ पासून असा नियम केला की, जाहिरातीत मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड करून दाखवला असेल, तर चित्र सुधारले असल्याची सूचना त्यावर छापलीच पाहिजे. ही सूचना कोठे लागू होते, हे मोठे बोधक आहे. मऊ प्रकाश वापरला म्हणून सूचना द्यावी लागत नाही. देह बदलला तर द्यावी लागते. फ्रान्सच्या कायद्याने जी रेषा ओढली, ती आमच्या मते बरोबर ठिकाणी ओढली आहे.

तेराव्या शतकात कॅमेरा नव्हता; पण शृंगार, रंग आणि खुशामत होतीच. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात स्त्रियांच्या प्रसाधनाचा विचार केला आहे. त्यांच्यापूर्वी हजार वर्षांमागे तर्तुल्यन या विषयावर विलक्षण कठोर बोलून गेला होता. संत थॉमस तितके कठोर नाहीत. पतीला आवडावे म्हणून पत्नीने नटण्यात त्यांना दोष दिसत नाही. रंग लावून वेगळे रूप घेणे हे एक प्रकारचे खोटेच, असे ते मानतात. पण लगेच एक सूक्ष्म भेद करतात. नसलेले सौंदर्य असल्याचे भासवणे वेगळे, आणि आजारासारख्या कारणाने आलेले वैगुण्य झाकणे वेगळे. दुसरे करण्यास मुभा आहे. खुशामतीविषयीही त्यांनी स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. प्रत्येक गोड शब्द म्हणजे खुशामत नव्हे. दुःखात असलेल्याला धीर यावा किंवा चांगल्या मार्गावर असलेल्याने आणखी पुढे जावे, म्हणून केलेली स्तुती ही मैत्रीच्या सद्गुणात मोडते. केवळ खूश करण्यासाठी, किंवा काही उकळण्यासाठी केलेली स्तुती तेवढी दोषास्पद.

ही कसोटी छायाचित्राला लावून पाहू. स्टुडिओत आलेली स्त्री बहुधा संकोचलेली असते. आपला देह कोणाच्या तरी नजरेत भरेल, कोणीतरी हसेल, ही धास्ती तिच्या खांद्यांत असते. खांदे पुढे झुकवून, पाठीला बाक आणून, ती छाती आत ओढून घेते. आपल्यापैकी पुष्कळ मातांनी हे पाहिले असेल: बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी एकाएकी वाकून चालू लागते, पुस्तके छातीशी धरून शाळेत जाते. तिला कोणी काही शिकवलेले नसते. रस्त्यावरच्या एखाद्या नजरेने, वर्गातल्या एखाद्या शेऱ्याने किंवा घरातल्याच ‘ओढणी नीट घे’ या दिवसातून पाच वेळा आलेल्या आज्ञेने ते काम केलेले असते. पुढे तीस वर्षे ती तशीच वाकून चालते आणि मग पाठ दुखते म्हणून डॉक्टरकडे जाते. अशा स्त्रीला छायाचित्रकार पहिले वाक्य सांगतो ते हे, की ताई, खांदे मागे घ्या, सरळ उभ्या राहा. हे त्याच्या तंत्राचे वाक्य आहे, कारण वाकलेल्या अंगाने छाती अधिकच जड दिसते. तरी ते वाक्य ऐकणाऱ्या स्त्रीला कदाचित आयुष्यात प्रथमच कोणीतरी असे सांगत असते की, तुझ्या देहात लपवण्याजोगे काही नाही. संत थॉमसच्या भाषेत, ही मैत्री झाली.

येथे आपण आपल्याकडच्या एका गैरसमजाशी भिडले पाहिजे. देह झाकणे म्हणजे शालीनता आणि जितके अधिक झाकाल तितके अधिक शालीन, असे समीकरण आपण मनाशी बांधले आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक शिक्षणाच्या ग्रंथात शालीनतेची व्याख्या निराळी आहे. शालीनता ही व्यक्तीचे अंतरंग, तिचे गूढ जपते. तिची बाह्य रूपे प्रत्येक संस्कृतीत बदलतात. म्हणजे मोजमाप कापडाचे नाही. ख्रिस्ती कलेचा इतिहासही हेच सांगतो. रोममधील प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत, दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले मानले जाणारे एक भित्तिचित्र आहे; त्यात माता बाळाला छातीशी घेऊन बसली आहे. पवित्र मरिया येशूबाळाला अंगावर पाजते आहे, अशी चित्रे पुढे शतकानुशतके देवळांतून लागली आणि त्यांच्यासमोर लोकांनी गुडघे टेकले. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने पवित्र चित्रांतील उत्तानपणाला मनाई केली, त्यानंतर असली चित्रे कमी होत गेली. सिस्टीन चॅपलमधील मायकेलअँजेलोच्या अंतिम न्यायाच्या चित्रावरही १५६५ च्या सुमारास वस्त्रे रंगवण्यात आली. १९९४ साली त्या चित्राची साफसफाई पुरी झाली, तेव्हा नंतरच्या काळातील काही वस्त्रे काढून टाकली गेली आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या चॅपलला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे मंदिर म्हटले. छाती झाकण्यासाठी दरदरून घाम फुटणारे आपण आणि दूध पाजणाऱ्या मरियेसमोर मेणबत्ती लावणारे ते, यांत अधिक श्रद्धाळू कोण, हा प्रश्न वाचकांनी स्वतःस विचारावा.

तथापि दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. वर सांगितलेले प्रत्येक तंत्र उलटे फिरवता येते. कॅमेरा खाली आणा, जवळ आणा, प्रकाश आडवा टाका, हात छातीखाली बांधायला सांगा, चेहरा सावलीत जाऊ द्या. स्त्री नाहीशी होते आणि एक अवयव उरतो. चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवर आणि जाहिरातींत आपण हे रोज पाहतो. सिमेंट विकायचे असो वा पंखा, अशी एक बाई त्यात उभी केलेली असते. भरदार बांध्याच्या मॉडेलला तर बहुधा याच कामासाठी बोलावतात. तिच्याही घरी आई असते, घरभाडे असते, लहान भावाची फी असते; म्हणून तिला दोष देऊन मोकळे होणे आम्हांस पटत नाही. फुकटची नीतिमत्ता ती हीच.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या भेटींत मानवी देहाविषयी जी प्रवचनमाला दिली, तिच्यातील १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील काही प्रवचने याच विषयाला वाहिलेली आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चित्रकार किंवा शिल्पकार देहाला आपल्या कल्पनेतून नवे रूप देतो, छायाचित्रात मात्र ती जिवंत व्यक्तीच उमटते. मनुष्याचा देह हा मुळात दुसऱ्याला दिलेले दान आहे, आणि दान घेणाऱ्याचा चेहरा देणाऱ्याला ठाऊक असतो. छायाचित्र छापून हजारोंच्या हाती गेले, की देणारीही अनामिक होते आणि घेणारेही. म्हणून चित्र घेणाऱ्यावर जबाबदारी आहे आणि, हे आम्ही विशेष अधोरेखित करतो, पाहणाऱ्यावरही आहे. त्यांनी हे सांगितले तेव्हा छायाचित्र छापखान्यातून जात असे. आज ते चुलतभावाच्या मोबाइलवरून तासाभरात कोठल्या कोठे जाते. लग्नाच्या जेवणावळीत वाकून वाढणाऱ्या मुलीचा फोटो कोणीतरी वरून घेतो, ‘गंमत’ म्हणून पाठवतो. त्या फोटोला कोणतेही तंत्र लागलेले नसते, पण तो निर्लज्ज असतो. तो काढणारा आपल्याच धर्मग्रामातला, रविवारी मिस्साला येणारा मुलगा असतो. त्याच्याशी बोलायचे कोणी?

आम्हांस असे दिसते की, छाती लपवायला सांगणारा आणि छाती दाखवायला सांगणारा, हे दोघे वरवर एकमेकांचे विरोधक असले तरी एकाच चुकीचे भागीदार आहेत. दोघांनाही स्त्री दिसत नाही, छातीच दिसते. चांगला छायाचित्रकार या दोघांहून वेगळा ठरतो तो एवढ्यासाठी, की तो चेहऱ्यापासून सुरुवात करतो. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. ज्या स्त्रीचे चित्र, तिला निर्धास्त वाटले पाहिजे, हे त्या थोर व्यावसायिकाला तेव्हाच उमगले होते. आपल्याकडील स्टुडिओवाल्यांनी निदान एवढे करावे: चित्र घेण्यापूर्वी तिला विचारावे, हे कोणासाठी? आणि घेतल्यावर आधी तिलाच दाखवावे.

‘कोणासाठी’ या प्रश्नाला सोयरिकीच्या फोटोत वेगळीच धार येते. असा फोटो ही एक साक्ष असते. दुसरे कुटुंब तिच्यावर विसंबून पुढचे पाऊल टाकते. तेथे खोटी साक्ष न देण्याची आज्ञा पूर्णपणे लागू होते. मुलगी भरल्या अंगाची असेल तर तिला चांगल्या उजेडात, ताठ आणि प्रसन्न उभी करावी. संगणकावर तिला बारीक मात्र करू नये. असे केल्याने फसवणूक मुलाकडच्यांची होते हे खरे, पण त्याहून मोठा अन्याय मुलीवर होतो. आईवडिलांनीच तिच्या देहातून काही भाग खोडून टाकला, हे ती विसरत नाही. याउलट एखाद्या भगिनीचे कर्करोगामुळे स्तन काढावे लागले असेल आणि मुलाच्या लग्नातील फोटोत आपण पूर्वीसारखे दिसावे असे तिला वाटत असेल, तर चोळी त्या बेताने शिवून घेण्यात आणि छायाचित्रकाराने तिला त्या बाजूने किंचित वळवून उभे करण्यात खोटे काही नाही. संत थॉमसनी मुभा दिली ती अशांसाठीच. तिला तसे नकोच असेल, आहे तशीच मी उभी राहीन असे ती म्हणाली, तर तेही तिचेच ठरवणे. संत अगाथाचे चित्र आपण पाहिले आहे. छळ करणाऱ्यांनी तिचे स्तन कापले, आणि चित्रकारांनी तिला ती खूण हाती घेऊन, मान ताठ ठेवून उभे केले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतून घडते, तिचा उल्लेख करून थांबतो. आई वारते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणते, की स्मरणपत्रिकेसाठी आणि कबरीवरच्या दगडासाठी फोटो हवा. पेट्या उघडल्या जातात. भावाच्या लग्नात ती मागच्या रांगेत आहे, नातवाच्या बाप्तिस्म्यात तिने बाळालाच छातीपुढे धरले आहे, बाकी सर्वत्र पदर, कोणाचा तरी खांदा, दाराची चौकट. मी जाडी दिसते, माझा नको, असे ती दर वेळी म्हणाली आणि आपण दर वेळी बरे म्हणालो. मग स्टुडिओवाला कोठल्या तरी समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा करतो. नाकडोळे पुसट होतात, आणि एका कोपऱ्यात शेजारणीच्या साडीचा काठ तसाच राहतो.